निधीचा पैसा आणि आपला वाटा

सार्वजनिक कामाचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानी पडते : "त्यासाठी सरकारचा काहीतरी निधी असतोच, तेवढा आणला की झाले!" महाराष्ट्र मंडळाची गळकी इमारत असो, वाचनालयाची कपाटे असोत, पाड्यावरची विहीर असो वा शाळेची संरक्षक भिंत असो; वाक्य तेच. त्यात तथ्य नाही असे नव्हे. निधी असतात आणि ते अनेक असतात. परंतु निधी 'आणणे' एवढेच ज्यांना काम वाटते त्यांच्या हाती शेवटी बहुधा उद्घाटनाची पाटी तेवढी उरते, असे आम्ही गेली कैक वर्षे पाहत आलो आहोत. या महिन्यात त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे मनात आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा विषय अधिक जवळचा. कारण परप्रांतात आपली संस्था उभी करावयाची म्हणजे कोणाकडे तरी अर्ज करणे आलेच.

आम्ही राहतो ते सिल्वासा तर बाहेरच्या मदतीवरच वाढलेले गाव. दादरा व नगर हवेलीचा हा मुलूख १९५४ साली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. सिल्वासा मुक्त झाले तो दिवस २ ऑगस्टचा. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेल्या स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता आणि संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकीच एक होत, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पुढे सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला. मागास भाग म्हणून येथे येणाऱ्या कारखान्यांना करांच्या सवलती मिळाल्या. पिपरिया, मसाट, खडोली येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आपल्यांपैकी पुष्कळांचे वडील त्या कारखान्यांच्या निमित्तानेच येथे आले. पुढे सवलतींच्या मुदती संपत गेल्या आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकरातील तो वेगळेपणाही राहिला नाही.

या सवलतींनी रोजगार आणला, रस्ते आणले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र त्यांच्यात एक उणीव होती. सवलत कारखानदारास मिळे. ज्या गावाच्या मागासलेपणामुळे ती मिळे, त्या गावास काहीच विचारले जात नसे. 'तुम्हांस काय हवे? तुम्ही स्वतः काय द्याल? झालेले काम पुढे कोण सांभाळील?' हे प्रश्न वारली, कोकणा, धोडिया पाड्यांवर कोणी नेलेच नाहीत. त्यामुळे औद्योगिक वसाहतींत पैसा खेळला, परंतु आपली गरज नेमकी मांडावी, मागणी लिहावी, आलेल्या पैशाचा हिशेब ठेवावा, ही विद्या मात्र पाड्यांपर्यंत पोहोचली नाही.

या विद्येचे एक मोठे उदाहरण ज्या खंडाने घालून दिले, त्याचा आमच्या भूमीशी एक जुना संबंध आहे. ज्या पोर्तुगालने येथे राज्य केले, तोच पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी युरोपीय समुदायात दाखल झाला तो तेथील गरीब राष्ट्रांपैकी एक म्हणून. दाखल होताच त्यालाही मागास भागांच्या विकासासाठी अर्ज लिहावे लागले आणि हिशेब द्यावे लागले. आजही लिस्बनचा परिसर संपन्न गणला जात असला, तरी २०२१ ते २०२७ या काळासाठी पोर्तुगालचा उत्तर भाग, मध्य भाग, आलेंतेजो आणि अझोर्स बेटे ही 'कमी विकसित' या वर्गात मोडतात.

ज्या निधीतून ही मदत मिळते तो 'युरोपीय प्रादेशिक विकास निधी' १९७५ साली स्थापन झाला. त्याच्या आरंभीच्या वर्षांचा इतिहास आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या वेळी प्रत्येक राष्ट्राचा हिस्सा आधीच ठरलेला असे : इटलीला शेकडा ४०, ब्रिटनला २८, फ्रान्सला १५, याप्रमाणे. हिस्सा निश्चित असल्याने तो मिळविण्यासाठी नवे काही करण्याची गरज नसे. पुष्कळ सरकारे स्वतःच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेली कामे पुढे करीत, निधीचा पैसा घेत आणि तेवढी स्वतःची रक्कम वाचवीत. पैसा युरोपातून निघे, राजधानीच्या तिजोरीत पोहोचे, आणि मागास खेड्याच्या वाट्याला जास्तीचे असे फारसे काही येत नसे. हे आपल्याला ओळखीचे वाटावे!

१९८८ साली या निधीची पुनर्रचना झाली. त्या वेळी जी तत्त्वे ठरली त्यांतील दोन-तीन येथे सांगतो. पहिले असे की निधीचा पैसा हा राष्ट्राच्या स्वतःच्या खर्चात भर म्हणून यावा, त्याच्या बदली नव्हे. दुसरे, सुट्या कामांऐवजी अनेक वर्षांचा एकत्र कार्यक्रम आखावा आणि तो आखताना केवळ राजधानी नव्हे, तर त्या प्रदेशातील स्थानिक संस्थांनीही सोबत बसावे. तिसरे, पैसा सर्वत्र शिंपडण्याऐवजी जेथे गरज अधिक तेथे तो एकवटावा. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्यास प्राधान्य, ही कसोटी तेव्हापासून चालत आली आहे.

अर्जदारांना सर्वांत जड जातात त्या मात्र यापुढच्या अटी. सर्वांत गरीब प्रदेशालाही निधी संपूर्ण खर्च देत नाही. चालू कार्यक्रमात ही मर्यादा साधारणतः शेकडा ८५ आहे, आणि संपन्न प्रदेशांसाठी ती बरीच खाली येते. उरलेला वाटा आपला आपण उभा करावयाचा. शिवाय थोडीशी आगाऊ रक्कम सोडली, तर पैसा खर्चाच्या नंतर मिळतो : आधी काम करा, देयक चुकते करा, कागद दाखवा, मग परतावा मागा. ज्या वर्षासाठी रक्कम राखून ठेवली, त्यानंतरच्या ठराविक मुदतीत, साधारणतः तीन वर्षांत, खर्चाची मागणी आली नाही तर ती रक्कम परत जाते. लेखापरीक्षक निवडक कामे उचलून तपासतात, आणि एकूण चुकीचे प्रमाण शेकडा २ च्या वर गेले तर साऱ्या कार्यक्रमावरच कपात येऊ शकते. एका गावाने पावती हरवली तर तिचा भुर्दंड शेजाऱ्यालाही बसावा, असा हा मामला आहे.

आम्हांस सर्वांत अधिक आवडलेली अट मात्र वेगळीच आहे. निधीतून उभी राहिलेली वास्तू वा यंत्रसामग्री शेवटचा हप्ता मिळाल्यापासून पाच वर्षे त्याच कामी चालू राहिली पाहिजे. लहान व मध्यम उद्योगांना ही मुदत तीन वर्षांपर्यंत कमी करता येते. मध्येच ती बंद पडली वा भलत्याच उपयोगाला लावली, तर पैसा परत द्यावा लागतो. पाटी त्यांच्याकडेही लागते. एकूण खर्च पाच लाख युरोंहून अधिक असेल तर ती कायमची व ठळक लावणे बंधनकारकच आहे. परंतु पाटी लागली म्हणजे काम संपले असे तेथे मानले जात नाही.

या पद्धतीत सारे गोड आहे असे मात्र समजू नये. कागदपत्रांचा एवढा पसारा लहानशा गावाला झेपत नाही. ज्या नगरपालिकेकडे हुशार कारकून आणि पदरचा पैसा आहे, तिचा अर्ज आधी पुढे सरकतो. म्हणजे मदत गरिबासाठी, पण ती मागण्याची ऐपत सधनापाशी, हा पेच युरोपलाही सुटलेला नाही. म्हणूनच अर्ज लिहिता येणे ही सुशिक्षितांनी आपल्या अडाणी शेजाऱ्यासाठी करावयाची सेवा आहे, असे आम्ही मानतो.

युरोप दूर राहिला असे वाटेल, तर त्याच खंडातील पैशाने आपल्या महाराष्ट्रात झालेल्या कामाकडे पाहू. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आयुष्याचा फार मोठा काळ तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दुष्काळी शेतकऱ्यांत घालविला. लोक त्यांना प्रेमाने 'बाखरबाबा' म्हणत. त्यांच्या खटपटीतून १९९० च्या दशकाच्या आरंभी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मन सरकारचा, तेथील विकास बँकेमार्फत आलेला; येथे तो हाताळणारी संस्था 'नाबार्ड'; आणि गावांना तयार करण्यासाठी १९९३ साली 'वॉटर' ही संस्था स्थापन झाली.

या कार्यक्रमात पैसा आधी येत नसे. आधी गावाची परीक्षा होई. ग्रामसभेने ठराव करावा, गावाने मिळून श्रमदान करून दाखवावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळण्याचे मान्य करावे, पाणलोट समिती निवडावी. मग लहानशा क्षेत्रावर काम देऊन पाहावयाचे, आणि त्यात समिती हिशेबाला व वेळेला उतरली तरच पूर्ण काम सोपवावयाचे. कामाचा क्रमही ठरलेला : माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर चर खणावयाचे आणि झाडे लावावयाची, मग उतारावर बांध, आणि सर्वांत शेवटी ओढ्यातील बंधारे. बंधारा आधी बांधला तर तो लोकांना दिसतो, पाटीही लावता येते. परंतु वरून येणाऱ्या मातीने तो दोन पावसाळ्यांत भरून जातो. मजुरीचा काही भाग गावाने श्रमदानाच्या रूपाने सोसावयाचा, आणि पुढील देखभालीसाठी वेगळी गंगाजळी राखावयाची, हेही त्यात आले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखे पर्जन्यछायेतील गाव या वाटेने सावरले, त्याची हकीकत पुष्कळांनी वाचली असेल.

येथेही नाण्याची दुसरी बाजू आहे. चराईबंदीचा पहिला भार पडतो तो मेंढपाळावर आणि भूमिहीनावर. पाण्याचा पहिला लाभ मात्र विहीर असलेल्या शेतकऱ्यास होतो. म्हणून 'गावाचा वाटा' म्हणताना तो कोणाच्या पाठीवर पडतो, हे विचारलेच पाहिजे. ज्या ठरावावर मेंढपाळाची सही नाही, तो गावाचा ठराव नव्हे.

आता पुन्हा आमच्या सरहद्दीवर येऊ. सिल्वाशाच्या दक्षिणेस महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके. तेथे पेसा कायदा लागू आहे. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट द्यावा आणि कोणते काम करावयाचे ते ग्रामसभेने ठरवावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतला. यास 'अबंध निधी' म्हणतात. आमचा प्रदेश राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही, सबब तो कायदा येथे लागू नाही. भाषा मिळतीजुळती, जमाती त्याच, सोयरीक दोन्हीकडे. परंतु एका पाड्यास स्वतःच्या ठरावाने खर्च करता येणारा पैसा आहे आणि पलीकडच्या पाड्यास नाही.

तरीही हात बांधून बसण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आली. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा या समितीने करावयाचा, आणि अनुदानाच्या मागणीस तोच आधार. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेखाली शाळेस पटसंख्येप्रमाणे एकत्रित अनुदान ठरले : ३१ ते १०० विद्यार्थी असल्यास पंचवीस हजार, १०१ ते २५० असल्यास पन्नास हजार, याप्रमाणे. रक्कम डोळ्यांत भरणारी नाही. परंतु ती कशी मागावी आणि कशी जपावी, याची शाळा मात्र हीच.

आम्ही ज्या शाळांतून नोकरी केली, त्यांपैकी आतल्या भागातील एका शाळेची हकीकत सांगतो. तिच्या आवारात हातपंप होता. तो बंद पडला. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी धो धो कोसळते, आणि फाल्गुन सरता सरता हंडा घेऊन वणवण सुरू होते. दुपारच्या भोजनासाठी पाणी आणावयास सातवी-आठवीच्या मुली ओढ्यावर जात. त्यांचा रोजचा एक तास बुडे, आणि तो नेहमी त्याच मुलींचा बुडे. नव्या पंपाचा प्रस्ताव पाठवा, असे सांगण्यात आले. जुन्याच्या दुरुस्तीस तरतूद नव्हती. त्या वर्षी आराखड्यासाठी समिती बसली तेव्हा काही पुरुष सदस्यांची इच्छा शाळेस शोभिवंत प्रवेशद्वार असावे अशी होती. एरवी न बोलणाऱ्या दोन आया त्या दिवशी बोलल्या. "कमान नंतर बघा, गुरुजी. आधी पोरींना वर्गात बसवा," असे त्यांनी कोकणी-वारली मिश्रित बोलीत बजावले. कमान बाजूस राहिली. नव्या एकत्रित अनुदानातून पंपाची साखळी आणि वॉशर आले. खर्च शेकड्यांत मोजण्याएवढाच होता. दोघा पालकांनी पंप उघडण्या-बसविण्याचे काम शिकून घेतले, आणि दर महिन्याला पंप पाहून वहीत नोंद करण्याचे एका आईने पत्करले. त्या मुली पुन्हा दुपारच्या तासाला बसू लागल्या.

यानंतर आम्ही उपयोगिता प्रमाणपत्र लिहून पाठविले. केंद्राच्या वित्तीय नियमांप्रमाणे, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत हे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि अनुदानावर मिळालेले व्याजही आपले नसते. नियम योग्यच आहे. परंतु प्रमाणपत्र एवढेच सांगते की पैसा मंजूर कामी खर्च झाला. पंपातून पाणी येते की नाही, हे त्यात लिहावयास रकाना नसतो. तो रकाना त्या आईच्या वहीत आहे. निधीचे खरे व्यवस्थापन दोन्ही कागद मिळून होते, असे आमचे मत आहे.

आपल्या मंडळांना आणि संस्थांना आमचे सांगणे एवढेच, की कोणताही अर्ज करण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. पहिला प्रश्न गरजेचा : नेमके कोणाचे, काय अडले आहे, आणि ते किती जणांचे? 'समाजाच्या सर्वांगीण उन्नतीसाठी' असे लिहिलेला अर्ज वाचणाऱ्यास काहीच सांगत नाही. 'गावात वाचनालय नाही, शाळेत जाणारी चाळीस मुले आहेत' असे लिहिलेला सांगतो. दुसरा प्रश्न आपल्या वाट्याचा : लोकवर्गणी किती, श्रम किती, जागा कोणाच्या नावावर? तिसरा खर्चाचा : अंदाजपत्रक जाणत्याकडून करून घेतले काय, दरपत्रके मागविली काय? चौथा हिशेबाचा : स्वतंत्र बँक खाते, दोन सह्या, रोजची किर्द, प्रत्येक खर्चाची पावती, आणि घेतलेल्या वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरात त्याच दिवशी नोंद. मार्चअखेरीस पावत्या गोळा करणाऱ्या चिटणीसाची जी धांदल उडते, ती पाहणाऱ्यास विनोदी वाटते, भोगणाऱ्यास नव्हे. आणि पाचवा प्रश्न पुढच्या दिवसांचा : पाच वर्षांनी ही वस्तू कोण वापरीत असेल आणि तिचा दुरुस्तीखर्च कोण देईल?

या पाचव्या प्रश्नास उत्तर नसेल तर अर्ज करूच नये, असे आम्ही म्हणू. पुष्कळांना हे फार कडक वाटेल. 'येतो आहे तो पैसा का सोडावा?' असे ते विचारतील. परंतु न वापरलेले संगणक, कुलूपबंद व्यायामशाळा आणि छत उडालेले सभामंडप पाहून जो पुढचा अधिकारी मंजुरी देताना हात आखडता घेतो, त्याला दोष कसा द्यावा? त्याची किंमत आपल्यामागून अर्ज घेऊन येणारा, खऱ्या गरजेचा माणूस चुकवितो. परप्रांतात तर एका मंडळाच्या हिशेबावरून साऱ्या मराठी मंडळींची पारख होते.

पुढील वार्षिक सभेच्या कार्यपत्रिकेवर म्हणूनच एक विषय घालावा, अशी आमची सर्व वाचकांस विनंती आहे. नवा निधी कोठून मिळेल हा विषय असेलच. त्याच्या आधी, जुन्या निधीतून झालेली कामे आज कोणत्या स्थितीत आहेत, हा असावा. एकदा सर्वांनी मिळून ती पाहून यावीत, बंद असलेल्या वस्तूंची यादी करावी, आणि वर्गणीतील थोडा भाग देखभालीसाठी वेगळा काढावा. त्या यादीतील निम्म्या गोष्टी एखादी साखळी आणि वॉशर यांवाचून अडलेल्या आढळतील, असा आमचा कयास आहे. तेवढ्यासाठी कोणाकडेच अर्ज करावा लागत नाही.